दोन ऑक्टेव्ह, पाच रिंगर: नाताळची गीतं हँडबेलवर कशी बसवायची?

टेनर_ओहायो

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका लहान चर्चमध्ये नाताळच्या उपासनेसाठी हँडबेलवर (हातात धरून वाजवायच्या, एकेका सुराच्या घंटांवर) दोन-तीन गीतं बसवायची आहेत. संच दोन ऑक्टेव्हचा आहे, म्हणजे जी-४ ते जी-६, मधले सगळे शार्प-फ्लॅट धरून २५ बेल्स. फोमची टेबलं, हातमोजे आणि मॅलेटची (बेलवर मारायच्या काठ्यांची) एक जोडी आहे. हँडचाइम्स नाहीत. रिंगर पाचच. त्यातल्या एकीला फोर-इन-हँड, म्हणजे प्रत्येक हातात दोन अशा चार बेल्स, नीट जमतं, बाकीचे एका हातात एकच बेल धरतात. सगळ्यांना स्टाफ नोटेशन वाचता येतं.

विकत मिळणारं बहुतेक संगीत तीन ऑक्टेव्ह आणि अकरा रिंगर धरून लिहिलेलं असतं. म्हणून गीतपुस्तकातली चार आवाजांची हार्मनी जशीच्या तशी पाच जणांत वाटून पाहिली. बेसचे निम्मे सूर संचात नाहीत, जे आहेत त्यांचा गुरगुराट होतो आणि मेलडी ऐकूच येत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. 'सायलेंट नाइट' कोणत्या पट्टीत घ्यावं? हार्मनीतलं काय ठेवावं, काय गाळावं? आणि बेल्स कोणाला कशा वाटाव्यात? मंडळीत मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे एखादं मराठी पदही घेता आलं तर उत्तम.

घंटाळी

आधी बेसचं. हँडबेल लिहिलेल्या सुरापेक्षा एक सप्तक वर वाजते. स्टाफवरचा मिडल सी म्हणजे बेल सी-५. तुमची सर्वांत खालची बेल जी-४ ही कागदावर मिडल सीच्या खालचा जी. गीतपुस्तकातला बेस बहुतेक वेळ त्याच्याही खाली फिरतो. त्यामुळे चार आवाज वाटायचे हा विचारच सोडा. मेलडी, कॉर्डचा मूळ सूर आणि जमला तर आत एखादा सूर, एवढंच लिहायचं. दोन ऑक्टेव्हमध्ये तीन सूर भरपूर होतात.

पट्टी डी मेजर घ्या, कारण हे बघा. या चालीचा पल्ला मूळ सुरापासून वर अकरा सुरांचा आहे. डी मध्ये ती डी-५ पासून जी-६ पर्यंत जाते, म्हणजे तुमच्या सर्वांत वरच्या बेलपर्यंत बरोब्बर. खाली जी-४ आणि ए-४ मोकळ्या राहतात. गाण्यात कॉर्ड तीनच: डी, जी आणि ए-सेव्हन. तिन्हींचे मूळ सूर डी-५, जी-४, ए-४. एफ मेजरमध्ये मेलडी बी फ्लॅट-६ पर्यंत चढते, ती बेल तुमच्याकडे नाही. बी फ्लॅटमध्ये उलट होतं, मेलडीच बी फ्लॅट-४ पर्यंत उतरते आणि मूळ सुरांना खाली जागा उरत नाही.

एकूण बेल्स तेरा. वाटप असं करा (आधी डावा हात, मग उजवा):

पहिला: जी-४, ए-४
दुसरा: डी-५, ई-५
तिसरा: एफ शार्प-५, जी-५ आणि टेबलावर ठेवलेली जी-६
चौथा: ए-५, बी-५
पाचवी (फोर-इन-हँड येणारी): डाव्या हातात सी शार्प-६ आणि एफ शार्प-६, उजव्यात डी-६ आणि ई-६

पाचवीची जोडी विचित्र वाटेल. सहसा शेजारशेजारच्या बेल्स एका हातात देतात. इथे तसं केलं तर फसेल. फोर-इन-हँडमध्ये एका हातातल्या दोन बेल्स पाठोपाठ वाजवायच्या म्हणजे पहिली डॅम्प होण्याआधी (खांद्याला टेकवून थांबवण्याआधी) मनगट वळवावं लागतं, आणि पहिलीचा सूर दुसरीत सांडतो. म्हणून मेलडी वाचून आधी लिहून काढायचं, की तिच्या चार सुरांपैकी कोणते दोन लागून येतात. २४ बारच्या छपाईत बार ५ ते ७ मध्ये ई-सी शार्प-डी, बार १० मध्ये डी-सी शार्प, बार १८ ते २० मध्ये ई-सी शार्प-डी-एफ शार्प आणि बार २१ ला पुन्हा डी. म्हणजे लागून येणाऱ्या जोड्या तीन: ई आणि सी शार्प, सी शार्प आणि डी, डी आणि एफ शार्प. वर दिलेल्या वाटपात या तिन्ही जोड्या वेगवेगळ्या हातांत पडतात. हीच युक्ती कुठल्याही गाण्याला लावा.

उरलेल्या बारा बेल्स टेबलावर ठेवूच नका. पेटीत असू द्या. गडबडीत चुकीची बेल उचलली जाते ती समोर पडलेली असते म्हणून.

आतले सूर: डी कॉर्डला डी-५ आणि वर मेलडी. जी कॉर्डला जी-४ आणि डी-५, तिसरा सूर बी-५ मेलडीत येतोच. ए-सेव्हनला ए-४, ई-५, जी-५. बार ५ मध्ये सी शार्प नाही म्हणून हळहळू नका, बार ६ मध्ये मेलडी तोच सूर घेऊन येते. आणखी एक पथ्य. मेलडीचा पुढचा सूर आधीच्या बारमध्ये आतला सूर म्हणून वाजवून टाकू नका. बार १ मध्ये एफ शार्प-५ भरीला घातला, तर बार २ मध्ये मेलडी त्याच बेलवर उतरते तेव्हा कानाला नवीन काही मिळत नाही.

खर्ज

वाटप पटलं. पट्टीबद्दल मात्र थोडं भांडतो.

मंडळी सोबत गाणार असेल तर डी मेजर चालणार नाही. गाताना वरचा जी लागतो, आणि सोप्रानो सोडल्या तर तिथे कोणाचा गळा पोचत नाही. बहुतेक गीतपुस्तकांत हे गीत बी फ्लॅट किंवा सी मध्ये छापलेलं असतं ते यामुळेच. तेव्हा गाण्याची कडवी ऑर्गनवर सी मध्ये घ्या आणि शेवटचं कडवं नुसत्या बेल्सचं, डी मध्ये. सी वरून डी वर जायला बेल्सनीच ए-सेव्हन वाजवायचा: ए-४, ई-५, जी-५, सी शार्प-६. चारही बेल्स वरच्या वाटपात हातात आहेतच. दोन बार तसाच घुमू द्या, मग सगळ्यांनी एकदम डॅम्प करून सुरुवात.

सी मध्येच बेल्स वाजवायच्या ठरल्या तर अडचण एफ कॉर्डची आहे. मूळ सूर एफ-५, तो मेलडीच्या मधोमध येतो. काही जण अशा वेळी खाली ए-४ घेतात. घेऊ नका. कारण बेलच्या धातूत आहे. इंग्लिश पद्धतीच्या बेल्स अशा ट्यून केलेल्या असतात की मूळ सुराबरोबर त्याच्या एक सप्तक आणि पंचम वरचा सूर स्पष्ट ऐकू येतो. जी-४ वाजवली की डी-६ मागे गुणगुणतो, ए-४ बरोबर ई-६. मूळ सूर खाली असेल तर हा वरचा सूर कॉर्डमध्येच बसतो आणि कॉर्ड भरदार वाटतो. कॉर्डचा गंधार खाली ठेवला की उलट होतं. एफ कॉर्डखाली ए-४ ठेवली तर वर ई-६ घुमतो आणि एफला अर्ध्या सुरानं घासतो. वाजवणाऱ्याला वाटतं कोणीतरी चुकीची बेल वाजवली. तेव्हा सी मध्ये एफ कॉर्डखालीही सी-५ च धरून ठेवा आणि जी कॉर्डला जी-४. दोन खालचे सूर, काम भागतं.

याच कारणानं सी-५ च्या खाली दोन बेल्स जवळजवळ, तीन-चार सुरांच्या अंतरानं एकत्र वाजवू नयेत. पंचम किंवा सप्तक चालतं. गुरगुराट म्हणता तो बहुधा तिथलाच.

(डच बनावटीच्या पेटिट अँड फ्रिट्सेन बेल्समध्ये वरचा सूर वेगळा असतो, सप्तक आणि कोमल गंधाराचा. तो संच असेल तर मेजर कॉर्डच्या बाबतीत हे गणित बदलतं. बेलवर ठसा बघून घ्या.)

टेनर_ओहायो

दोघांचे आभार. बेल्स इंग्लिश पद्धतीच्याच आहेत. सी मध्ये गायचं, डी मध्ये वाजवायचं हे छान जमेल.

दोन शंका. तिसऱ्या रिंगरला एफ शार्प-५ खाली ठेवून जी-६ उचलायला वेळ आहे का? आणि आमचं पुस्तक हे गीत ६/८ मध्ये छापतं, बारा बारमध्ये.

घंटाळी

६/८ असेल तर माझे दोन बार म्हणजे तुमचा एक. बार १७-१८ म्हणजे तुमचा ९ वा.

वेळ आहे. बार १६ च्या पहिल्या बीटला एफ शार्प-५ वाजते आणि तीन बीट टिकते. बार १७ पूर्ण मोकळा, तिथे डाव्या हातातली बेल खाली, जी-६ वर. बार १८ च्या पहिल्या बीटला ती एकदाच वाजते. मग १९ आणि २० असे दोन बार परतीला आहेत. एफ शार्प-५ पुन्हा लागते ती २१ च्या तिसऱ्या बीटला. दोन पथ्यं: एफ शार्प-५ खाली ठेवण्याआधी ती खांद्याला पूर्ण डॅम्प झालेली हवी, नाहीतर फोमवर टेकताना ठसठस आवाज येतो. आणि जी-६ हँडल स्वतःकडे करून, डाव्या हाताच्या बाहेर ठेवा. उजवीकडे ठेवली तर हात हातावरून जातो.

तिसऱ्या रिंगरच्या कागदावर १७ आणि १९ या बारवर «बदल» असं मोठ्या अक्षरात लिहा. बार नंबर तर प्रत्येक बारवर हवाच. पाच जण असताना तालमीत «पुन्हा दुसऱ्या ओळीपासून» म्हटलं की प्रत्येकाच्या कागदावर दुसरी ओळ वेगळी असते.

फोमवाला

हार्मनी कितीही नेटकी लिहा, डॅम्पिंग लिहिलं नाही तर सगळं वाया. पियानोवर बोट उचललं की सूर थांबतो. बेल तुम्ही थांबवेपर्यंत वाजत राहते. खालच्या बेल्स जास्त वेळ आणि जास्त जोरात, वरच्या लवकर विरतात. म्हणून काहीच न ठरवता वाजवलं की तीन बारनंतर फक्त जी-४ आणि ए-४ ऐकू येतात.

नियम साधा आहे: कॉर्ड बदलला की जुन्या कॉर्डच्या सगळ्या बेल्स डॅम्प. बार १२ चा एफ शार्प-५ बार १३ च्या पहिल्या बीटला थांबलाच पाहिजे, कारण तिथे जी येतो. पहिल्या रिंगरला सर्वांत कमी सूर आहेत, पण डॅम्पिंगची जबाबदारी सर्वांत मोठी. तिथे घड्याळासारखा माणूस बसवा, नवशिक्याला «सोपं आहे» म्हणून देऊ नका. एकाच कॉर्डवर चार बार असतील (बार १ ते ४) तिथे एलव्ही लिहिता येतं, म्हणजे डॅम्प न करता घुमू द्यायचं. त्यात बी-५ येते ती मात्र वाजवणाऱ्यानं लगेच थांबवायची. एलव्ही संपेल तिथे आर (म्हणजे पुन्हा नेहमीसारखं डॅम्प करत वाजवायचं) लिहायला विसरू नका, नाहीतर अर्धे लोक शेवटपर्यंत घुमवत बसतात.

मेलडी वर आणण्यासाठी जोरात वाजवायला सांगू नका, खालचा आवाज कमी करा. एका कडव्यात साथीच्या बेल्स थंब डॅम्प करता येतात: अंगठा बेलच्या कडेजवळ टेकवून वाजवायची, सूर कोरडा येतो. जी-४ आणि ए-४ साठी त्यापेक्षा बेल फोमवर आडवी ठेवून मॅलेटनं वाजवणं बरं. मॅलेट त्या सुराच्या मापाचंच हवं. वरच्या बेल्सचं कडक मॅलेट खालच्या बेलवर वापरलं तर धातूला तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेली बेल दुरुस्त होत नाही. मार्टेलाटो, म्हणजे बेल आडवी फोमवर आपटून वाजवणं, फक्त तीन-चार इंच जाड फोमवर. फोम पातळ असेल तर तो प्रकारच नको.

बार २० चा एफ शार्प-६ तीन बीट टिकायला हवा पण ती बेल लहान, विरते. तिथे एसके लिहा, शेक, म्हणजे बेल हलवत राहायची. पाचवीला तेव्हा दुसरं काही वाजवायचं नाही, फक्त हातातली सोबतची सी शार्प किणकिणू नये म्हणून सावकाश.

आता दुसरं गीत. 'जॉय टू द वर्ल्ड' डी मध्ये घ्या. शब्द आयझॅक वॉट्सचे, १७१९ चे, आणि चाल १८३० च्या दशकात लोवेल मेसननं घडवलेली. म्हणजे प्रताधिकाराची भानगड नाही. (नव्या पुस्तकातली हार्मनी किंवा डिस्कँट (मेलडीच्या वर गायची जोडचाल) मात्र नव्या माणसाचा असू शकतो, तो उतरवू नका. चाल घ्या, हार्मनी आपली लिहा.) मेलडी एका सप्तकातली, डी-५ ते डी-६. त्याशिवाय खालच्या जी-४ आणि ए-४ धरल्या की दहा बेल्स, पाच रिंगर, दहा हात. घंटाळी यांनी दिलेल्या जागांवरून कोणाला हलायचं नाही, पाचवीच्या ई-६ आणि एफ शार्प-६ आणि तिसऱ्याची जी-६ फक्त बाजूला जातात. सुरुवातीचा उतरता सप्तक तर उजवीकडून डावीकडे पाचव्या जागेपासून दुसरीपर्यंत आपोआप सरकतो, ऐकणाऱ्याला दिसतोसुद्धा.

फसतं ते शेवटच्या भागात. तिथे एफ शार्प लागोपाठ येतो आणि मग झटकन जी, ए. ठोका मिनिटाला शंभरच्या पुढे गेला की एकच बेल इतक्या वेगानं स्पष्ट वाजत नाही, क्लॅपर (आतला लोलक) दुसऱ्या बाजूला लागून परत येतो. दोन उपाय. एक, ठोका ८०-८४ वर ठेवा, गीताची शान बिघडत नाही. दोन, त्या दोन ओळींपुरती एफ शार्प-५ फोमवर ठेवून मॅलेटनं वाजवा, मग जी-५ उजव्या हातात तयार राहते. मला दुसरा उपाय आवडतो, कारण कोरडा आवाज आणि मग एकदम खुला डी-६ हा फरक छान उठतो.

खर्ज

फोमवाला यांच्या एका मुद्द्याला पुरवणी. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिताना वाद्य हँडबेलच निवडा. पियानो निवडून ऐकलं तर सगळं एक सप्तक खाली वाजतं, तिथे जवळजवळचे सूर बरे वाटतात आणि कागदावर राहून जातात. तसंच ऑर्गनवाल्याला बेल्सचा कागद दिला तर तो बेल्सपेक्षा एक सप्तक खाली वाजवेल. बेस म्हणून ते उपयोगी आहे, मेलडी म्हणून नाही.

पाचांपैकी एक जण आयत्या वेळी आला नाही तर काय, हे आधीच ठरवा. पहिला गळाला तर जी-४, ए-४ ऑर्गनच्या डाव्या हाताकडे. दुसरा गळाला तर पहिला डी-५ घेतो (डाव्या हातात जी-४ आणि डी-५ आलटून पालटून, दोन बार मिळतात) आणि ई-५ ऑर्गनकडे जाते, कारण शेवटच्या ओळीत तो मेलडीचा सूर आहे, गाळता येत नाही. चौथा गळाला तर ते गीत घेऊ नका.

पांढरी_दोन

मराठी पदाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची पदं किंवा तशा चालीची कुठलीही गीतं घेताना पाश्चात्त्य हार्मनी लावायचा मोह टाळा. या चालींत एका वेळी एकच सूर असतो. खाली षड्ज-पंचम पुरतो. कॉर्ड बदलत गेलात की भजनाचं कॅरोल होतं आणि गाणारे अडखळतात.

चाल निवडताना बघायचं ते एवढंच: सूर सुटे सुटे लागतात की मींडेनं. बेलला मींड नाही, आंदोलन नाही. भैरवी अंगाची चाल बेलवर कोरडी लागते. भूप अंगाची, म्हणजे सा रे ग प ध एवढ्यावर उभी असलेली, फार सुंदर लागते, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. या पाच सुरांत एकमेकांपासून अर्ध्या सुरावर असलेली जोडीच नाही. त्यामुळे अख्खी ओळ डॅम्प न करता घुमवली तरी सूर एकमेकांना खात नाहीत. वर फोमवाला यांनी सांगितलेली सगळी शिस्त इथे ओळीच्या शेवटापुरती उरते.

सा पांढरी दोन धरा, म्हणजे डी. मग सा रे ग हे डी-५, ई-५, एफ शार्प-५, प आणि ध हे ए-५, बी-५, तार सा डी-६, मंद्र पंचम ए-४. वाटप तेच. तिसऱ्याची जी-५ आणि पाचवीची सी शार्प-६ रिकामी राहतात, चुकून वाजू नयेत म्हणून खाली ठेवायला सांगा. चाल मंद्र धैवतात उतरत असेल तर बी-४ पेटीतून काढून पहिल्याला द्या, तो जी-४ ठेवून देईल. गाणाऱ्यांना काळी एक हवी असेल तर डी फ्लॅटमध्ये लिहा: डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट. सगळ्या बेल्स संचात आहेत, हातांची जागा तीच राहते.

केरवा असेल तर बेल्स आठही मात्रांवर वाजवू नका. पहिल्या मात्रेला डी-५ आणि ए-५, पाचवीला ए-४, बस. बाकी ढोलकी बघून घेते. मेलडी बेल्सवर फक्त ध्रुपदाच्या आधी एकदा आणि दोन कडव्यांच्या मध्ये, गाणारे थांबलेले असताना. शब्दांबरोबर मेलडीची बेल वाजली की शब्द बुडतात, कारण गाणारा हरकत घेऊन अर्धी मात्रा मागे असतो आणि बेल ठोक्यावर.

टेनर_ओहायो

काळी एकच लागेल, आमचे गाणारे पुरुष जास्त आहेत. तेव्हा तेरा बेल्सशिवाय डी फ्लॅटच्या वेगळ्या काढाव्या लागतील. दोन गीतांच्या मध्ये टेबल बदलायला किती वेळ धरू?

पांढरी_दोन

पद सर्वांत आधी घ्या. उपासना सुरू होण्यापूर्वी टेबल त्याच्यासाठीच लावलेलं असेल. नंतर पवित्र शास्त्राचं वाचन असतं, त्या वेळात बेल्स बदला. दोन फोमची टेबलं मागे-पुढे लावता आली तर दुसरा संच मागच्यावर तयार ठेवा आणि रिंगरनी फक्त पाठ फिरवायची. एफ (म्हणजे एफ-५) आणि एफ शार्प-५ एकाच टेबलावर एकाच वेळी ठेवू नका, अंधारलेल्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात हँडलवरची अक्षरं वाचता येत नाहीत.